शेतकऱ्याच्या घरातील म्हातारपण

आमच्या मासिकाच्या पानांतून खत, पाणी, कीड, कलम आणि बाजारभाव यांची चर्चा नित्य होत असते, आणि ती होणे योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हातांनी ही शेते व बागा उभ्या राहिल्या, त्यांचे उतारवय कसे जात आहे याविषयी आम्ही आजवर फारसे लिहिलेले नाही. चिकूच्या जुन्या बागेची विरळणी केव्हा करावी, वठलेली फांदी कोठून छाटावी, हे विचारणारे वाचक पुष्कळ आहेत. घरातील वृद्ध माणूस अन्न टाकून भिंतीकडे तोंड करून निजू लागला तर काय करावे, हे मात्र कोणी विचारीत नाही. हा प्रश्न वैद्याचा किंवा दैवाचा आहे, शेतीभातीचा नव्हे, अशी समजूत त्याच्या मुळाशी असावी. ती समजूत चुकीची आहे असे आमचे मत आहे, आणि ते का, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डहाणूच्या किनाऱ्यालगत आगर नावाचे गाव आहे. आगर या शब्दाचा अर्थ किनाऱ्यावरील लोकांस सांगावयास नको. नारळी-पोफळीची वाडी हेही आगर आणि मीठ पिकविण्याची जागा हेही आगर. दोहोंसही पिढीजात चिकाटी लागते. या गावी एका बागाईतदाराच्या घरी आमचे जाणे-येणे आहे. घरचे वडील सत्तरी ओलांडलेले. चिकूची बहुतेक झाडे त्यांनी स्वतः लाविलेली. मागे एका पावसाळ्यात त्यांचा पाय बांधावरून घसरला. डोळ्यांसही कमी दिसू लागले होते. तेव्हा मुलांनी मोठ्या मायेने त्यांस सांगितले, "बाबा, पुष्कळ कष्ट केलेत. आता तुम्ही नुसते बसा." ओटीवर नवी खाट आली. जेवणाचे ताट जागेवर येऊ लागले. मजुरांचा हिशेब, खोलीच्या किल्ल्या आणि बँकेचे पुस्तक ही मुलांकडे गेली. सहा महिन्यांत त्यांचे चालणे खाटेपासून मोरीपर्यंत उरले आणि बोलणे हो-नाही इतकेच राहिले. डॉक्टरांस मोठासा रोग सापडला नाही. आम्ही समाचारास गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "झाडे माझ्या हातची, पण तोड कधी लागली हे मला आता गड्याकडून कळते."

या कुटुंबात कोणी दुष्ट नव्हते. मुलांनी वडिलांचा भार उतरविला, हे चांगलेच केले. पण भाराबरोबर त्यांचा कारभारही उतरविला, आणि तेथे चूक झाली. श्रमांतून मोकळे करणे ही एक गोष्ट आणि घरच्या व्यवहारातून वजा करणे ही दुसरी. आमच्या मते या दोहोंतील भेद न ओळखणे हेच शेतकऱ्याच्या घरातील पुष्कळशा वृद्धांच्या दुःखाचे कारण आहे.

शास्त्रज्ञांचे म्हणणेही या अनुभवाशी जुळणारे आहे. माणसाचे जीवन कितपत सुखाचे आहे हे मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. तिच्या संक्षिप्त रूपात २६ प्रश्न असून त्यांचे चार भाग आहेत: शरीर, मन, इतर माणसांशी असलेले संबंध आणि भोवतालची परिस्थिती. परिस्थितीत घर, पैसा, प्रवासाची सोय, दवाखान्याची सोय आणि विरंगुळा ही सर्व येतात. या पद्धतीत विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उत्तर त्या माणसाने स्वतः द्यावयाचे असते. तो ज्या समाजात राहतो आणि त्याच्या ज्या अपेक्षा आहेत, त्यांच्या तुलनेत त्यास स्वतःचे जिणे कसे वाटते, हेच येथे माप होय. मुलगा, वैद्य किंवा शेजारी यांचा अभिप्राय त्याच्या जागी चालत नाही. म्हणजे वृद्धाचे सुख जाणून घ्यावयाचे तर पहिली पायरी त्यास विचारणे ही आहे. आणि आमच्या घरांतून नेमकी तीच पायरी गाळली जाते.

हा प्रश्न थोड्या माणसांचा नव्हे. २०११ च्या खानेसुमारीत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण शेकडा सुमारे १० होते. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे, आणि वैधव्याचे दुःखही त्यांच्याच वाट्यास अधिक येते.

आता या चार भागांचा विचार आपल्या अंगणातून करू. प्रथम शरीर. म्हातारपणीचे पुष्कळसे हाल मोठ्या रोगांनी होत नाहीत. डोळे, दात, कान आणि पाय यांच्या लहानसहान बिघाडांनी होतात. मोतीबिंदूने ज्यास दिसत नाही तो बांधावर जात नाही. जो जात नाही त्याचे पाय बारीक होतात. पाय बारीक झाले की तो पडतो, आणि मांडीचे हाड मोडले की खाटेस खिळतो. या साखळीची पहिली कडी म्हणजे मोतीबिंदू. त्याची शस्त्रक्रिया अल्प वेळात होते आणि सरकारी रुग्णालयांतून ती विनामूल्य केली जाते. शेकडो रुपयांचे औषध झाडास घालणाऱ्या बागाईतदाराने वडिलांच्या डोळ्यांसाठी एक दिवस काढू नये, ही लाजेची गोष्ट आहे.

पायांच्या बळाविषयीही एक गैरसमज आहे. एकदा गेलेले बळ म्हातारपणी परत येत नाही असे आपण धरून चालतो. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातील काही दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांच्या बळाचा व्यायाम करवून घेण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक झाले. नव्वदीत जे साधले ते सत्तरीत न साधण्याचे कारण नाही. व्यायामशाळेची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीस धरून टाचा उचलणे आणि सकाळ-संध्याकाळ बागेत एक फेरी, एवढे नित्यनेमाने केले तरी फरक दिसतो. मात्र मोरीच्या वाटेवरचे शेवाळ खरवडणे, रात्री दिवा ठेवणे आणि पायरीजवळ धरावयास बांबू बांधणे, ही कामे घरच्यांची आहेत.

अन्नाची गोष्ट अशीच. दात गेले की म्हाताऱ्यास पेज व भात यांवर ठेवण्याची चाल आहे. पोट भरते, पण अंगास बळ देणारा अंश त्यात थोडा. वृद्धास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आहारशास्त्र सांगते. म्हणजे पन्नास किलोच्या माणसास पन्नास ग्रॅम. किनाऱ्यावर याची अडचण पडू नये. सुक्या बोंबलात निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. सुकट भाजून कुटून भाकरीबरोबर देता येते. मात्र रक्तदाब असेल तर मीठ धुऊन काढावे. वाल, तूर, उडीद यांचे मऊ वरण, अंडे, ताक आणि नाचणीची आंबील ही बिनदातांनीही खाता येतात. चिकू गोड व मऊ असल्याने वृद्धांस आवडतो. परंतु मधुमेह असलेल्यांनी तो बेताने खावा, हे बागाईतदारांच्या मासिकानेही सांगितलेच पाहिजे.

शरीरानंतर मन. वृद्ध माणूस जेवत नाही, निजत नाही, बोलत नाही, तेव्हा "वय झाले" असे म्हणून आपण उठून जातो. वय झाले म्हणजे उदास असावयाचेच, असा निसर्गाचा नियम नाही. औदासीन्य हा रोग आहे व त्यास औषध आहे. तो दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला तर डॉक्टरांस दाखविले पाहिजे. पण औषधापूर्वी आणि औषधाबरोबरही मनास आधार लागतो तो कामाचा. येथे आमच्या तालुक्यानेच देशास जी उदाहरणे घालून दिली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

ताराबाई मोडक १८९२ साली जन्मल्या. १९४५ साली त्या बोर्डीस आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९५७ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले तेव्हा त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. ज्या वयास आज सरकार श्रावणबाळ योजनेखाली वृद्ध समजते, त्या वयात या बाई वारल्यांच्या मुलांसाठी कुरणशाळेचे प्रयोग करीत टेकडी चढल्या. १९७३ साली त्या निवर्तल्यानंतर अनुताई वाघ यांनी तेच काम १९९२ पर्यंत, वयाच्या ८२ व्या वर्षी देह ठेवीपर्यंत, कोसबाडासच चालविले. दुसरे उदाहरण गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे. १९३४ साली जन्मलेले हे वारली चित्रकार. २००३ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांची चित्रे जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाबरोबर मांडली गेली आणि २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

ही माणसे असामान्य होती, आम्हां सामान्यांस त्यांचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु वारली समाजाने सामान्य वृद्धेसही असेच स्थान देऊन ठेवले आहे. वारल्यांच्या लग्नात चौक सुवासिनी लिहितात आणि लग्न लावते ती धवलेरी. जुनी लग्नगीते जिच्या मुखी आहेत अशा जाणत्या बाईवाचून ते कार्य पुरे होत नाही. जिच्यावाचून गावचे लग्न अडते, तिला आपण ओझे झालो असे वाटण्याचे कारण काय? सुशिक्षित बागाईतदारांच्या घरांत असे एकही काम वृद्धांसाठी राखून ठेवलेले नसते. ही उणीव विचार करण्याजोगी आहे.

तिसरा भाग माणसांच्या संगतीचा. आणि त्यासाठी किनारा सोडून पूर्वेकडील डोंगराळ पाड्यांकडे पाहिले पाहिजे. तेथे भात झोडून झाले, दिवाळी उलटली, की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तलासरीकडील तरुण वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात. मागे पाड्यावर राहतात म्हातारी माणसे व काही नातवंडे. पाच-सहा महिने म्हातारीने पाणी भरावयाचे, चूल पेटवावयाची, रेशनवर जावयाचे आणि तापाने फणफणली तरी कोणास कळवावयाचे नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा कित्येक कुटुंबांनी ऐन थंडीत रात्री घराबाहेर काढल्या. ज्यांस चटकन उठता येत नाही, त्यांनी त्या रात्री कशा काढल्या असतील याची कल्पना वाचकांनी करावी. या पाड्यांवरील दारिद्र्याचा प्रश्न एका लेखाने सुटणारा नाही. पण स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने जाण्यापूर्वी शेजारच्या एका घरास सांगून जावे, आणि त्या घराने दिवसातून एकदा म्हातारीच्या दाराशी हाक द्यावी, एवढे तर पाड्यास करता येईल.

शेवटचा भाग परिस्थितीचा, म्हणजे मुख्यत्वे पैशाचा आणि नावाचा. ज्याच्या कनवटीस चार पैसे आहेत, त्यास नातवाच्या हातावर खाऊ ठेवता येतो. हे सुख लहान नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांस २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे, ही अट मात्र आजच्या महागाईत फार अरुंद आहे. जन्मभर नांगर व विळा धरलेल्या बोटांचे ठसे यंत्रास ओळखता येत नाहीत, म्हणून वृद्धास बँकेतून रिकाम्या हाताने परतावे लागते, असेही घडते. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटविण्याची सोय मागावी. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील सर्वांस एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे. तर ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळते. वडिलांचे हे कार्ड काढून ठेवणे मुलांचे कर्तव्य आहे.

नावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुलांच्या प्रेमाखातर किंवा त्यांच्या आग्रहाखातर सातबारावरील आपले नाव हयातीतच काढून देणारे वृद्ध पुष्कळ आहेत. बहुतेकांचे बरे चालते. ज्यांचे चालत नाही त्यांचे हाल पाहवत नाहीत. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याखाली वृद्धास निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करिता येतो. कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली गेल्यास, वृद्धास परत मागता येते. यात 'अट' हा शब्द महत्त्वाचा आहे. बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर आम्हां उभयतांस शेवटपर्यंत अन्न, वस्त्र, औषध व राहावयास जागा द्यावी, असे त्यातच स्पष्ट लिहावे. त्यात अविश्वास नाही. शेतीतील प्रत्येक करार आपण लिहूनच करतो. आणि नवऱ्याच्या पश्चात विधवेचे नाव वारस म्हणून विनाविलंब लागले पाहिजे. ज्या म्हातारीचे नाव उताऱ्यावर आहे तिचा शब्द घरात ऐकला जातो, हे सर्वांस ठाऊक आहे.

वृद्धाच्या शब्दास कायद्यानेही मोल दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्यास १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. त्यासाठी जे पुरावे नियमांत सांगितले आहेत, त्यांत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही एक आहे. ही भूमी कोणी कसली, विहीर कोणी खणली, हद्दीवर कोणते झाड होते, हे ज्यास आठवते, तो निरक्षर म्हातारा त्या दिवशी गावचे दप्तर होतो. १९४५ साली २३ मे रोजी झरी येथे वारल्यांची सभा भरून वेठीविरुद्ध निर्धार झाला. ते दिवस प्रत्यक्ष आठवणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. त्यांच्याजवळ बसून ऐकून घेण्याची वेळ हीच आहे.

येथवर आम्ही मुलांस पुष्कळ सुनावले. आता वडिलांसही दोन शब्द. पंचेचाळीस वर्षांच्या मुलास फवारणीच्या औषधासाठी वडिलांपुढे हात पसरावा लागतो, अशीही घरे आम्ही पाहिली आहेत. ज्याने वेळीच काही सोडले नाही, त्यास मागाहून सर्वच सोडावे लागते आणि तेही कडवटपणे. शहाण्याने साठीपासून कारभार थोडाथोडा मुला-सुनेच्या हाती द्यावा. एखादी पाच-दहा झाडांची तुकडी, परसातील भाजीचा वाफा किंवा घरचा हिशेब मात्र आपल्याकडे ठेवावा. घरच्यांनी त्यात ढवळाढवळ करू नये. जे अगदीच अंथरुणास खिळले आहेत त्यांच्याकडून काम होणार नाही हे खरे. पण त्यांस विचारणे तरी होईल. यंदा बाग कोणत्या व्यापाऱ्यास द्यावी, हा प्रश्न खाटेशी बसून विचारता येतो. उत्तर मानलेच पाहिजे असे नाही. विचारणे मात्र चुकू नये.

आमच्या सभासद बंधुभगिनींस आणखी एक सूचना. गावोगावच्या सोसायट्यांनी वर्षातून एकदा, कामाची घाई नसेल तेव्हा, वृद्धांचे डोळे व कान तपासण्याची व्यवस्था करावी. वार्षिक सभेत पहिला अर्धा तास सर्वांत वडील सभासदांस त्यांचा अनुभव सांगण्यास द्यावा. ज्यांस घरातूनच त्रास होत असेल, त्यांस १४५६७ हा ज्येष्ठांच्या साह्यासाठी असलेला सरकारी दूरध्वनी क्रमांक कळवावा. यास फारसा खर्च नाही.

आगरच्या त्या घराची हकीकत अर्धी राहिली, ती पुरी करून लेख संपवितो. ऐन तोडीच्या दिवसांत मजूर आले नाहीत, तेव्हा धाकट्या सुनेने चिकूची टोपली उचलून सासऱ्यांच्या खाटेजवळ ठेविली आणि म्हणाली, "बाबा, यांतले कच्चे तेवढे वेगळे काढून द्या." चिकू तयार झाला की त्यावरची तपकिरी भुकटी सहज झडते, नखाने ओरखडा काढला तर आत पिवळट दिसते, हिरवा दिसला तर फळ कच्चे. डोळ्यांस रंग नीट दिसत नव्हता. पण हातांस भुकटी कळत होती. दुपारपर्यंत टोपली निवडून झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "आज टोपली आली नाही?" पुढे मुलाने त्यांचा मोतीबिंदू काढविला. आता ते काठी घेऊन सकाळी बागेत एक फेरी करितात आणि कोणत्या झाडाची तोड लागली ते मुलास सांगतात. पूर्वीसारखे बळ आलेले नाही, येणारही नाही. पण गेल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा खाट रिकामी होती.